पेट्रोलची नळी

गदगच्या पंपावर चन्नबसप्पांनी पाहिलं, त्यांच्या डिझेलच्या गाडीत कामगाराने पेट्रोलची नळी घातली होती. ओरडायला उघडलेलं तोंड त्यांनी मिटलं. गाडी वाटेतच बंद पडली तर शिवलीलाचं हुबळीहून सुटणारं विमान चुकणार होतं, एकुलती एक लेक नॉर्वेच्या नोकरीला न जाता घरीच राहणार होती. यंत्रावरचे आकडे पळत होते आणि चन्नबसप्पा टॉवेलने पुन्हापुन्हा मान पुसत होते. टाकी भरली. शिवलीलाने किल्लीला हात लावला, तसं त्यांनी खिडकीतून तिचं मनगटच धरलं. “चालू करू नकोस! पेट्रोल भरलंय त्याने.” “कधी पाहिलंत, अप्पा?” “पहिल्यापासून.” त्यांना तिच्याकडे बघवेना. ती झटकन खाली उतरली. मग गाडी तिथेच सोडून, बॅग उचलून रस्त्यावर धावली, हात दाखवून हुबळीची बस थांबवली आणि पायरीवरून ओरडली, “चोरासारखे उभे काय राहिलात? चढा लवकर! विमानतळावर मला निरोप कोण देणार?”