तिसऱ्या खोलीतली झोप

मूल्यांकनाला आलेल्या पाटोळेबाईंनी तिसऱ्या खोलीच्या भिंतीला यंत्र लावलं. माणसाची झोप भिंतीत मुरते. म्हणून हल्ली जिथे कोणी गाढ झोपलं असेल तीच खोली बेडरूम ठरे, आणि तिचं जादा भाडं झोपणाऱ्याने भरायचं.

तेवढं भाडं हेमांगीला झेपणार नव्हतं. घर सोडावं लागलं असतं. म्हणून तिने या खोलीत नुसती सायकल ठेवली होती, डुलकीसुद्धा काढली नव्हती. तरी घरमालक देवस्थळे आज भलतेच खुशीत होते, आणि तिथेच तिला शंका आली.

यंत्राचा दिवा हिरवा झाला.

"बघा! बेडरूमच आहे," देवस्थळे म्हणाले. "भाडेकरूने खरं बोलावं, हेमांगीताई."

"काका, मी दिवाळीत माहेरी गेले तेव्हा किल्ली तुमच्याकडेच होती ना?"

"तुमच्या तुळशीला पाणी घालायला! लोकांचं भलं करू नये, हेच खरं."

"हे यंत्र नवं आहे," पाटोळेबाई पडद्याकडे बघत म्हणाल्या. "झोपणारा पुरुष, वय सत्तरीच्या पुढे, घोरणं जोरदार."

देवस्थळे एकदम तुळशीकडे बघू लागले. ती पार वाळली होती.

"बेडरूम लिहिली," बाई म्हणाल्या. "काका, तुमचं पूर्ण नाव सांगता?"