जुना पाटा

"खड्डा लागला की पुढनं खटखट वाजतंय. कमानीचा पाटा बदल. पण तुमी मिस्त्री लोक समदे चोर! माझा जुना पाटा माझ्या हातात पायजे!" बलभीमराव तुळजापूरच्या गॅरेजात गरजले.

आयुब गाडीखाली शिरला. पुढच्या कमानीतला, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगमधला, एक लोखंडी पाटा तडकला होता. काढून पुसला, तर त्यावर ठोकलेली चंद्रकोर दिसली. त्याच्या बापाची, चाँदपाशा लोहाराची खूण. त्या खुणेची ती पहिलीच खेप; त्यातला एकही पाटा विकला गेला नव्हता. अठ्ठेचाळीस साली, निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या वेळी जमावानं बापाचं दुकान फोडलं, तेव्हा सगळे लुटून नेले होते.

"आत काय लपवतोस रं? आण हिकडं!"

आयुबनं पाटा त्यांच्या पायाशी आपटला.



"न्या मालक. दुसऱ्यांदा न्या."