भरलेले बाक

रविवारच्या उपासनेला जेमतेम नऊ डोकी उरली, तेव्हा पाळकांनी सुनेला चर्चची वेबसाइट नव्याने करायला बसवलं. "नवी माणसं आली नाहीत, तर दोन महिन्यांत कुलूप लागेल गं."

"पण बाबा, हे रिकामे बाक बघून कुत्रंसुद्धा फिरकणार नाही इकडे."

पाळकांनी कपाट उपसून दहा वर्षांपूर्वीचा फोटो काढला. खचाखच भरलेले बाक, हसरे चेहरे. "हाच लाव. तारीख नको. खाली लिही, 'या, आम्ही सगळे तुमची वाट पाहतोय.'"

पुढच्याच रविवारी एक अनोळखी बाई धापा टाकत दारात येऊन उभी राहिली. पाळकांच्या जिवात जीव आला. ते जवळजवळ धावतच सामोरे गेले.

तिने मोबाइल पुढे केला. तो फोटो तिने बोटांनी मोठा करून ठेवला होता.

"ही तिसऱ्या बाकावरची, माझी आई. माझ्याशी भांडून घराबाहेर पडली, ती बारा वर्षं पत्ता नाही. काल वेबसाइटवर दिसली, तशी अंगावरच्या कपड्यांनिशी निघाले. कुठंय ती?"

 

पाळकांनी मान खाली घातली आणि दफनभूमीकडचं मागचं दार उघडलं.