पंप धुण्याची जागा

माती तपासायला गावात आलेल्या विगातीनं सोळावा डबा उघडला आणि कपाळाला हात लावला. याही डब्यात माती चाळून, खडे वेचून भरलेली. गावाला एवढंच सांगितलं होतं, शेतातली माती आणा. ब्रेबेसचे कांदा पिकवणारे शेतकरी ते! प्रत्येकानं आपली सगळ्यात देखणी माती आणली होती, जणू मुलगी दाखवायला निघालेत.

"अहो, चांगली नको!" ती काकुळतीला आली. "फवारणीचं औषध खाऊन जगणारे बारीक जीव शोधतेय मी. वर्षानुवर्षं विष सांडलेल्या जागीच ते सापडतात. मिळाले, तर तुमच्या विहिरी साफ करता येतील. आहे का कुणाकडे अशी जागा?"

सगळे एकमेकांची तोंडं बघू लागले. कार्योनो मात्र मान खाली घालून बसला. त्याच्या घरामागे तशी जागा होती. वीस वर्षं तो तिथंच फवारणीचा पंप धुवायचा आणि ते पाणी बदकांच्या डबक्यात उतरायचं. नऊ वर्षांपूर्वी एका सकाळी त्याच्या बायकोची, तुरीनाची, चाळीस बदकं मेली. तिनं ती पोटच्या पोरांसारखी वाढवली होती. 'रोग आला,' असं त्यानं ठोकून दिलं आणि त्या कोपऱ्यात पुन्हा पाऊल टाकलं नाही. आता खरं बोलावं तर बायको तुटणार, गप्प बसावं तर गावाच्या विहिरी तशाच राहणार.

"माझ्याकडे आहे," तो शेवटी म्हणाला.

तुरीना मागच्या अंगणात बदकांची विकतची अंडी खारवायला मिठात घालत बसली होती. विगातीच्या हाती कुदळ देण्याआधी तो बायकोसमोर उकिडवा बसला.

"अगं, बदकं रोगानं नाही मेली. मी मारली. इथं पंप धुऊन."

विगातीनं त्या कोपऱ्यात कुदळ मारली, ढेकूळ फोडलं, नाकाशी नेलं. आतून एक गांडूळ वळवळत बाहेर आलं.

"काका, ही माती मेलेली नाही. हिला कुणीतरी रोज खाऊ घालतंय."

"तांदळाचं धुवण," तुरीना म्हणाली. "नऊ वर्षं ओततेय."

कार्योनो तिच्याकडे बघतच राहिला. "म्हणजे तुला..."

"मला काय डोळे नाहीत?" तिनं मिठाचे हात पदराला पुसले आणि त्याचा हात धरला. "वाटलं, ही जागा पुन्हा हिरवी झाली, तर तुम्हांला हे कधी कबूल करावंच लागणार नाही."