चंद्राची लाइन

संध्याकाळी चंद्राच्या लाइनीवर गर्दी झाली की रोजचंच बोलणं वर पाठवलंच जात नसे. इथलं यंत्रच पलीकडच्या माणसाच्या आवाजात उत्तर देऊन मोकळं होई. म्हणून दिगंबरराव चंद्रावर नोकरीला गेलेल्या लेकीसाठी रोज काहीतरी नवीन शोधून ठेवत.

"शलाका, मांजरीनं माझ्या हेल्मेटमध्ये पिल्लं घातलीत!"

पलीकडून हसू आलं. पण हल्ली यंत्रही छान हसायचं.

"जेवलीस का?" सवयीनं तोंडून निघून गेलं आणि त्यांनी जीभ चावली. यावर यंत्राचं उत्तर ठरलेलं होतं: "हो बाबा, पोटभर."

"नाही हो बाबा, कंटाळा आला."

दिगंबररावांचा जीव भांड्यात पडला.

"अगं, लवकर ये!" त्यांनी आनंदानं बायकोला हाक मारली. "आपली शलाकाच आहे, अजून जेवली नाहीये!"