मूळ ठेवा

"आपली बाल्कनी खोलीत समाविष्ठ करीत आहोत. हरकत असल्यास पंधरा दिवसात लेखी कळवावे." बिल्डरच्या त्या पत्रातल्या चुका रत्नाकररावांनी आल्या दिवशीच लाल शाईने दुरुस्त केल्या होत्या. उत्तर मात्र गेलं नव्हतं. छापखान्यात चाळीस वर्षं मुद्रितं तपासलेल्या माणसाला स्वतःचा एकही मसुदा पसंत पडत नव्हता.

चौदाव्या दिवशी सकाळी ते आणि सुलभाताई नेहमीप्रमाणे नव्या घराचं काम बघायला चौथ्या मजल्यावर चढले. मुदत संपायच्या आतच बाल्कनीच्या तोंडाशी विटा गुडघ्यापर्यंत आल्या होत्या.

"काकू, जागा वाढतेय तुमची!" सुपरवायझर हसला.

"मग तुमच्या घरचा दरवाजाही बुजवून घ्या, आणखी वाढेल," सुलभाताई म्हणाल्या आणि नवऱ्याकडे वळल्या. "म्हातारपणी सकाळचा चहा उन्हात बसून प्यायचा, एवढंच मागितलं होतं मी. जन्मभर लोकांचं लिहिलेलं खोडलंत ना? मग ही भिंत खोडा की!"

रत्नाकरराव गोरेमोरे झाले. मग पत्रासोबत आलेला नकाशा त्यांनी त्याच विटांवर पसरला, नव्या भिंतीवर लाल रेघ मारून टोकाला खोडण्याच्या खुणेचं वेटोळं काढलं आणि मुद्रितावर लिहीत तसं समासात लिहिलं, 'मूळ ठेवा.' खाली सही केली.

पोस्टाच्या खिडकीशी त्यांचा हात पुन्हा अडला. 'ठेवा' की 'ठेवावे'?

तोवर सुलभाताईंनी पाकीट आत सरकवलं होतं.