खडूची रेघ

बाबा गेले आणि त्यांच्या जुन्या जीपवरून माझे दोन्ही भाऊ हमरीतुमरीवर आले. शेवटी सगळी जीप खोलली, चासीचा गंजलेला सांगाडा शेडमध्ये मांडला आणि मधोमध खडूने लांब रेघ मारली. डावी बाजू दादाची, उजवी धाकट्याची. ज्याने त्याने आपली मजबूत करायची, रेघेपलीकडे हात गेला तर तंगडं मोडायचं.

दादाने चार मिलिमीटरची पट्टी वेल्ड केली. ते बघून धाकट्याने सहाची आणली. मग दादाने आपल्या पट्टीवर दुसरी चढवली. सहा फुटांवर उभं राहून बोलणं मात्र माझ्यामार्फत.

"सांग तुझ्या दादाला, हे वेल्डिंग नाही, चिखल थापलाय."

"सांग त्या दीडशहाण्याला, त्याची बाजू मोडली की माझ्याकडे रडत यायचं नाही."

मी म्हटलं, "मसणात जा दोघंही!"

जीप पुन्हा जोडून झाली. ट्रायलला ती एकट्याच्या हाती द्यायला कुणीच तयार होईना, म्हणून दोघेही बसले, तोंडं दोन दिशांना. पहिल्याच खड्ड्यात जीप कडाडली आणि दोन्हीकडे फाकून बसली. दोघे लंगडत बाहेर आले ते एकमेकांची गचांडी धरूनच. "तुझीच बाजू मोडली!"

मी बोलावलेला मेकॅनिक जीपखाली शिरला, बराच वेळ टॉर्च मारत राहिला.



"दोन्ही बाजूंना ओरखडासुद्धा नाही," तो म्हणाला. "त्यांना जोडणारे आडवे दांडे तुटलेत. ते कुणाच्या वाटणीत होते?"